तेलाचा बॉयलर काढून लाकडाचा: मोठ्या घरासाठी ओंडक्यांच्या गॅसिफिकेशन बॉयलरचं परीक्षण

खोल्या गरम ठेवायला वर्षाला ४,००० लिटर तेल जाळणारं घर दक्षिण जर्मनीच्या किंवा ऑस्ट्रियाच्या खेड्यात नवलाचं नाही. अडीचशे-तीनशे चौरस मीटर जागा, जाड भिंती, तळघरात तेलाची टाकी आणि तिच्या शेजारी पंचवीस वर्षांपासून घरघरणारा बॉयलर. म्युनिक-स्टुटगार्टकडे नोकरी करणाऱ्यांनी शहराबाहेर असं जुनं घर घेतलं, की पहिल्याच हिवाळ्यात तेलाचं बिल हातात पडतं. जर्मनीत २०२१ पासून तेलावर कार्बन-शुल्क आहे. २०२५ मध्ये ते कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ५५ युरो होतं. एक लिटर तेलातून सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे कर धरून लिटरमागे सुमारे सव्वासतरा सेंट. ४,००० लिटरला नुसत्या शुल्काचेच जवळजवळ सातशे युरो झाले.

यावरचा एक जुना, भरवशाचा उपाय म्हणजे अर्ध्या मीटरच्या ओंडक्यांवर चालणारा गॅसिफिकेशन बॉयलर, म्हणजे लाकडातून वायू काढून तो जाळणारा. इथे परीक्षणाला घेतला आहे तो फ्रोलिंग कंपनीचा एस-४ टर्बो. अप्पर ऑस्ट्रियातल्या ग्रीसकिर्शनची ही कंपनी १९६१ पासूनची. पण पुढे लिहिलेलं बरंचसं एटा, हारगासनर, गुंटामाटिक यांच्या त्याच वर्गातल्या बॉयलरनाही लागू पडतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र उत्तम आहे. घरं फसतात ती यंत्रामुळे नाही, तर बफर टाकी (बॉयलरचं गरम पाणी साठवणारी टाकी) लहान घेतल्यामुळे आणि लाकूड ओलं असल्यामुळे. बजेट आखडतं घ्यायची वेळ आली तर स्वयंचलित प्रज्वलन सोडा, मोबाइल अॅप सोडा, पण टाकीचे लिटर कमी करू नका.

यंत्र कसं आहे

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात खाली जळण, मधून धूर आणि भोवती पाणी असतं. तत्त्व तेच आहे, पण इथे जाळ उलटा, वरून खाली जातो. वरच्या भट्टीत लाकूड तापतं आणि त्यातून वायू सुटतो. पंखा तो वायू खालच्या फटीतून ओढून फायरब्रिकच्या, म्हणजे आगीला टिकणाऱ्या विटांच्या, कोठीत नेतो. तिथे दुसरी हवा मिळून तो हजार अंशांच्या आसपास जळतो. त्यापुढे उभ्या नळ्यांमधून जाताना धुरातली उष्णता पाण्याला मिळते. धुराड्यापाशी पोचेपर्यंत धूर दीडशे अंशांच्या आसपास आलेला असतो. नव्वद टक्क्यांवर कार्यक्षमता मिळते ती या दोन टप्प्यांच्या ज्वलनामुळे.

एस-४ मध्ये रोजच्या वापरात खरोखर कामाला येतात त्या तीन गोष्टी. पहिली म्हणजे भट्टीच्या दाराशी असलेली धूर ओढून घेण्याची वाट. लाकूड घालायला दार उघडलं की धूर तोंडावर न येता मागे खेचला जातो. दुसरी म्हणजे लँब्डा सेन्सर. धुरात ऑक्सिजन किती उरला हे मोजून नियंत्रक हवेचं प्रमाण बदलत राहतो, त्यामुळे बीच (जड लाकूड) आणि स्प्रूस (हलकं लाकूड) मिसळून घातले तरी ज्वलन बिघडत नाही. तिसरी म्हणजे बाजूचा तरफेसारखा दांडा. तो हलवला की नळ्यांमधल्या सर्पिल पट्ट्या वर-खाली होतात आणि राख झडते. लाकूड घालताना दर वेळी पाच-दहा वेळा तो हलवायची सवय ठेवली की नळ्या ब्रशने घासायची वेळ क्वचितच येते.

स्वस्तात पाहायचं तर चेक प्रजासत्ताकातल्या आत्मोसचे बॉयलर आहेत. साधे, दणकट, सुटे भाग सहज मिळणारे. पण लँब्डा नियंत्रण नसलेलं मॉडेल घेतलंत तर हवेच्या झडपा हातांनी जुळवाव्या लागतात. लाकडाची जात बदलली की पुन्हा तेच. ज्यांना यंत्राशी बोलायला आवडतं त्यांनी तो खुशाल घ्यावा.

आधी घराचा हिशोब

जुन्या तेल-बॉयलरवर ३५ किंवा ४० किलोवॅट लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा, कारण त्या काळी सर्रास दुप्पट क्षमतेचे बॉयलर बसवले जात. घराची खरी गरज काढायचा ठोकताळा असा: वर्षाचं तेल भागिले २५०. म्हणजे ४,००० लिटरला १६ किलोवॅट. पक्का आकडा खोल्यांनुसार उष्णतेचा हिशोब करूनच मिळतो, आणि तो करून घ्यावाच.

एक लिटर तेलात सुमारे १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा, म्हणजे ४,००० लिटरला ४०,००० युनिट. जुना बॉयलर त्यातली ३३,००० च्या आसपासच घराला देतो, उरलेली धुराड्यातून आणि बॉयलरच्या अंगातून जाते. लाकडाच्या पद्धतीत बॉयलर, टाकी आणि पाइप यांचं सगळं नुकसान धरून वर्षभराची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर लाकडातून ४१,००० युनिट हवीत.

जर्मनीत लाकूड श्टेर या मापाने विकतात. एक मीटर लांब, रुंद आणि उंच रचलेली रास म्हणजे एक श्टेर. सुक्या बीचच्या एका श्टेरमध्ये सुमारे २,००० युनिट, स्प्रूसच्या श्टेरमध्ये १,४०० च्या आसपास. म्हणजे वर्षाला बीचचे वीस-एकवीस श्टेर किंवा स्प्रूसचे जवळजवळ तीस. विकत घेताना माप रचलेल्या राशीचं आहे की नुसतं ओतलेल्या ढिगाचं, हे लेखी घ्या. ओतलेल्या घनमीटरात लाकूड बरंच कमी भरतं आणि दराची तुलना तिथेच चुकते.

वीस श्टेर बीच म्हणजे सुमारे १० टन. हे १० टन तोडणं, फोडणं, रचणं, घरात आणणं आणि भट्टीत घालणं असं निदान चार-पाच वेळा हातातून जातं. घरात हे करणारं धडधाकट माणूस असेल आणि त्याला ते नकोसं वाटत नसेल, तरच पुढे वाचा. दोघंही सकाळी सातला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतत असतील तर पेलेटचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांचा) विचार करा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

बफर टाकी: इथे तडजोड नको

तेलाचा बर्नर बटण दाबलं की बंद होतो. लाकडाची भट्टी पेटली की तिला जळू द्यावंच लागतं. १५० लिटरच्या भट्टीत फोडलेलं बीच साधारण ५० किलो मावतं. २० टक्के ओलाव्याच्या लाकडात किलोला ३.९ युनिट, म्हणजे १९५. त्यातली १७५ पाण्यात उतरतात. दिवसभर जळत नसल्यामुळे घराच्या गरजेपेक्षा मोठा घेतलेला २८ किलोवॅटचा बॉयलर ही भर सहा तासांत जाळतो. या सहा तासांत घराने जेवढी उष्णता घेतली नाही तेवढी सगळी टाकीत मावली पाहिजे.

ऑक्टोबरच्या दिवशी हेच घर तासाला फार तर तीन युनिट घेतं. सहा तासांत १८. उरली १५७. आता जर्मन नियम काय सांगतो ते पाहा. हातांनी लाकूड घालायच्या बॉयलरला भट्टीच्या दर लिटरमागे १२ लिटर, आणि किलोवॅटमागे निदान ५५ लिटर बफर सक्तीचा आहे. आपल्या उदाहरणात १५० गुणिले १२ म्हणजे १,८०० लिटर. १,००० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला ११.६ युनिट लागतात. १,८०० लिटर ३५ वरून ८५ अंशांवर नेलं तर १०५ युनिट मावली. उरलेली पन्नास कुठे जाणार? नियंत्रक हवा तोडतो, लाकूड धुमसत राहतं, भट्टीच्या भिंतींवर आणि धुराड्यात डांबर साचतं. म्हणजे नियम पाळूनही बॉयलर खराब होतो. किंवा मग अर्धीच भर घालायची आणि दिवसातून दोनदा पेटवायचं, जे दोन आठवड्यांनी कुणीही करत नाही.

३,००० लिटर घेतलं तर ५० अंशांच्या फरकात १७४ युनिट बसतात, म्हणजे पूर्ण एक भर. मग शरदात आणि वसंतात दोन दिवसांतून एकदा पेटवलं तरी चालतं, जानेवारीत सरासरी दिवसाला एकदा आणि कडाक्याच्या थंडीत दोनदा-तीनदा. वर्षाच्या सुमारे २०० भरी होतात. या घराला आमची शिफारस ३,००० लिटरचीच आहे. जागा असेल तर ४,००० लाही हरकत नाही.

जागा म्हणजे नुसतं क्षेत्रफळ नव्हे. १,००० लिटरच्या टाकीचा व्यास आवरणाशिवाय ७९ सेंटीमीटर असतो, तो ८० सेंटीमीटरच्या दारातून जावा म्हणून. उंची दोन मीटरच्या आसपास. आडवी आत आणून उभी करताना तिरकी उंची याहून जास्त लागते आणि जुन्या तळघराचं छत तिथेच आडवं येतं. म्हणून कागदावरची उंची नव्हे, तिरकस उभं करायचं माप विचारा. छत बुटकं असेल तर ८०० लिटरच्या चार टाक्या घ्या, किंवा जागेवर वेल्डिंग करून टाकी बांधणारा माणूस शोधा. भरलेली एक टाकी सव्वा टनाच्या आसपास जाते, तेव्हा खालची फरशी कशावर आहे तेही पाहा.

अनेक टाक्या जोडताना नेहमी चुकतं ते असं: पाइप बारीक घेतले जातात आणि एकच टाकी तापते, बाकीच्या कोमट राहतात. समांतर जोडायच्या असतील तर प्रत्येक टाकीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपची एकूण लांबी सारखी ठेवा. वरचं गरम आणि खालचं गार पाणी मिसळू नये म्हणून पाण्याचा वेग कमी हवा, म्हणजेच पाइप जाड हवेत. आवरण निदान १० सेंटीमीटर जाडीचं आणि जोडांपाशी घट्ट. टाकीच्या तोंडांभोवती राहिलेल्या उघड्या फटींतून उन्हाळाभर तळघर तापत राहतं.

टाकी कितीही मोठी असली तरी खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरना ७० अंशांचं पाणी लागत असेल तर तिचा बराच भाग फुकट जातो. ८५ वरून ५५ पर्यंतच वापरता आलं तर ३,००० लिटरमधून १०५ युनिटच मिळतात. म्हणून सगळ्यात गार राहणाऱ्या दोन-तीन खोल्यांतले रेडिएटर मोठे करून घ्या आणि प्रत्येक रेडिएटरचा प्रवाह जुळवून घ्या. त्याला तिकडे हायड्रॉलिक समतोल म्हणतात आणि अनुदानासाठीही तो लागतो. पाणी ५५ अंशांवर आणता आलं तर टाकी वाढवल्यासारखंच आहे, आणि खर्च टाकीपेक्षा कमी.

चार भाग जे कोटेशनमध्ये तपासायचे

परतीचं पाणी तापवणारी झडप. रेडिएटरमधून ३० अंशांचं पाणी थेट बॉयलरमध्ये गेलं तर आतल्या लोखंडावर धुरातली वाफ आणि आम्ल थंड होऊन साचतं आणि काही वर्षांत पत्रा खातं. परत येणारं पाणी ६० अंशांखाली जाऊ नये. यासाठी स्वीडिश लाडोमाटसारखा पंप-झडप एकत्र असलेला तयार संच मिळतो. हा नसलेलं कोटेशन परत पाठवा.

उष्णता-निकास झडप. वीज गेली की पंप थांबतो, पण भट्टीत ३० किलो निखारे असतात. पाणी ९५ अंशांच्या आसपास गेलं की ही झडप आपोआप उघडते आणि नळाचं गार पाणी बॉयलरमधल्या वेगळ्या नळीतून वाहून उष्णता घेऊन जातं. तिला वीज लागत नाही. मात्र घराचं पाणी स्वतःच्या विहिरीच्या पंपावर असेल तर वीज गेल्यावर पाणीही नाही आणि झडप नुसती नावाला उरते. शेतघरांत हे हमखास नजरेतून सुटतं. अशा घरी सार्वजनिक नळाची जोडणी किंवा उंचावरची टाकी हवी.

एक्स्पान्शन वेसल. थंड पाणी ९० अंशांवर गेलं की साडेतीन टक्के फुगतं. टाक्या, बॉयलर आणि रेडिएटर मिळून ३,५०० लिटर धरले तर सव्वाशे लिटर पाण्याला जागा लागते, आणि वेसलचा निम्म्याहून कमी भागच वापरात येतो. म्हणून ३०० ते ३५० लिटरचं वेसल. जुन्या तेल-बॉयलरचं ३५ लिटरचं तसंच ठेवलं तर दर पेटवणीला सुरक्षा झडप गळते. मग घरातले पाणी वरून भरत राहतात, आणि नव्या पाण्याबरोबर आलेला ऑक्सिजन सगळं गंजवतो.

भरायचं पाणी. इतक्या मोठ्या पद्धतीत साधं जड पाणी भरलं तर त्यातला सगळा चुना बॉयलरच्या सगळ्यात तापलेल्या पत्र्यावर बसतो. जर्मन व्हीडीआय २०३५ नियमानुसार क्षारमुक्त पाणी भरायचं. बसवणारा माणूस फिल्टरची गाडी घेऊन येतो, एका दिवसाचं काम आहे.

वापरायच्या गरम पाण्यासाठी टाकीत वेगळं भांडं ठेवण्यापेक्षा बाहेर प्लेट हीट एक्स्चेंजर (टाकीच्या उष्णतेवर नळाचं वाहतं पाणी तापवणारा) लावलेला बरा. पाणी साठून राहत नाही, लागेल तेव्हा तापतं. पाणी जड असेल तर मात्र प्लेटा अधूनमधून आम्लाने धुवाव्या लागतात. उन्हाळ्यात गरम पाण्यापुरतं तीन-चार दिवसांनी पेटवायचं किंवा छपरावर सौर पॅनेल लावायचं.

लाकूड

ओलं लाकूड हा या यंत्राचा खरा शत्रू. २० टक्के ओलाव्याला किलोमागे ३.९ युनिट, ३५ टक्क्यांना ३, आणि नुकत्या तोडलेल्या ५० टक्क्यांना जेमतेम २.२. नुसती ऊर्जा कमी झाली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण पाण्याची वाफ करण्यात भट्टीचं तापमान पडतं, वायू पूर्ण जळत नाही, पंख्याच्या पात्यांवर डांबर चढतं, लँब्डा सेन्सर काळा पडतो. २० मिलिग्रॅम धूळ आणि ४०० मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइड ही घनमीटरमागची जर्मन मर्यादा ओल्या लाकडाने पाळली जात नाही. तपासणी होतेच: बॉयलर सुरू केल्यापासून चार आठवड्यांत पहिली, मग दर दोन वर्षांनी.

स्प्रूस फोडून वारा लागेल असं रचलं तर एका उन्हाळ्यात बऱ्याचदा सुकतं. बीचला दोन उन्हाळे द्या, ओकला तीन. रास जमिनीपासून हातभर उचललेली, वर झाकण, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळलेली रास आतून कुजते. दोन वर्षांचा साठा म्हणजे ४० श्टेर: एक मीटर खोल आणि १.८ मीटर उंच रास २२ मीटर लांब जाते. अंगणात तेवढी सलग जागा कुठे आहे हे बॉयलर मागवायच्या आधी पायांनी मोजून घ्या.

ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं. मोजताना ढलपा मधोमध फोडून आतल्या ताज्या तोंडावर टोकं खुपसायची. बाहेरून मोजलं तर नेहमीच सुकं दाखवतं. बहुतेक यंत्रं कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के दाखवतात, म्हणून त्यांच्यावरचे २५ म्हणजे आपले २०.

ढलप्याची जाडी ८ ते १२ सेंटीमीटर, लांबी ५० ला चिकटून. लांबी कमी-जास्त, फांद्या वाकड्या किंवा गोल न फोडलेले ओंडके असले की भट्टीत लाकूड अडकून कमान धरतं. खालचं जळून पोकळी होते, वरचं खाली येत नाही, तापमान उतरतं आणि पडद्यावर चूक दिसते. लोक तेव्हा सेन्सरला दोष देतात. दार उघडून सळईने लाकूड पाडलं की पुन्हा सुरू होतं.

रोज पेटवताना

खालच्या कोठीतली राख काढा, पण वरच्या जाळीवरचा कोळसा ठेवा, तो पुढच्या जाळाला धरतो. जाळीच्या फटी मोकळ्या आहेत ना ते पाहा. मग ढलपे भट्टीच्या लांबीच्या दिशेने, घट्ट रचा. मधल्या दाराशी पुठ्ठा आणि बारीक काटक्या. पेटवून, जाळ धरेपर्यंत दार किंचित उघडं ठेवा आणि मग बंद करा. मधे उघडू नका. भरात असलेल्या भट्टीचं दार उघडलं की साचलेला वायू भडकून बाहेर येतो.

किती घालायचं याचा साधा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३,००० लिटरची टाकी १० अंशांनी चढवायला १० किलो बीच. टाकीची सरासरी ४५ असेल आणि ८५ ला न्यायची असेल तर ४० किलो, शिवाय जळत असताना घर जेवढं घेईल त्याचे पाच ते दहा किलो. स्प्रूस त्याच भट्टीत तीस-पस्तीस किलोच मावतं, तेव्हा पूर्ण भरूनही उष्णता दोन-तृतीयांशच मिळते. पहिल्या हिवाळ्यात वजनकाटा बॉयलरजवळ ठेवा. महिन्याभरात हात सरावतो.

राख लाकडाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे वर्षाला ५० ते १०० किलो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दोन दिवस तरी, लाकडापासून लांब. फायरब्रिकवर केसासारख्या भेगा पडतात, त्यांची काळजी नको. तुकडा निसटला किंवा फट रुंदावली की बदला. दाराची दोरी (दाराच्या कडेची फट बंद करणारी) आणि लँब्डा सेन्सर हे झिजणारे भाग आहेत, त्यांचे पैसे बाजूला ठेवावेत. दाराची दोरी पाहायची युक्ती अशी: कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि लँब्डाचं गणित चुकतं.

धुराडं आणि परवानगी

कोटेशन मागवायच्या आधी भागाच्या श्योर्नस्टाइनफेगरला, म्हणजे अधिकृत धुराडे-तपासनिसाला बोलवा. तो शेवटी सही करणार आहे, तेव्हा सुरुवातीलाच विचारलेलं बरं. कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचीही उष्णता घेणाऱ्या) तेल-बॉयलरचं धुराडं प्लास्टिकच्या नळीचं असतं, ते लाकडाला अजिबात चालत नाही. स्टीलची नळी असली तरी ती काजळीच्या आगीला टिकणारी म्हणून प्रमाणित आहे का आणि व्यास पुरेसा आहे का ते तपासावं लागतं. तेलाला १३ सेंटीमीटर पुरतात, या आकाराच्या लाकडाच्या बॉयलरला सहसा १५ ते १८ लागतात. उंच धुराड्यात ओढ जास्त असते, म्हणून ड्राफ्ट रेग्युलेटर हवाच. तो नसला की वारा सुटल्यावर धुराचं तापमान चढतं आणि लाकूड उगाच जळतं. खोलीत हवा यायला निदान १५० चौरस सेंटीमीटरचं तोंड, जे थंडी वाजते म्हणून कुणी कापडाने बुजवायचं नाही. ५० किलोवॅटच्या वर गेलात तर स्वतंत्र बॉयलर-खोलीचे नियम लागू होतात. २०२२ पासून नव्याने बांधलेल्या धुराड्याचं तोंड छपराच्या कण्याजवळ आणि त्याहून निदान ४० सेंटीमीटर वर लागतं, तेव्हा बाजूच्या भिंतीला नवं धुराडं लावायचा बेत असेल तर उंची आधी मोजा.

तेलाचा बॉयलर राखीव म्हणून ठेवावा का? गावाला जायचं असेल तर सोय होते. पण एकाच धुराड्यावर दोन्ही लावायला तपासनीस होकार देईलच असं नाही, आणि टाकीची जागा अडते ती अडतेच.

पेलेट

याच घराला वर्षाला सुमारे ८ टन पेलेट लागतील. २ किलो पेलेट म्हणजे १ लिटर तेल, हा हिशोब सोपा आहे. बॉयलर गरजेइतकाच, १६ किलोवॅटचा घ्यायचा. तो स्वतः पेटतो, स्वतः विझतो, म्हणून बफर किलोवॅटमागे २० लिटर पुरतो. तेलाच्या टाकीची खोली बहुधा साठ्याला पुरते: ८ टन म्हणजे साडेबारा घनमीटर, उतरत्या तळासकट अठराची खोली. टँकरची नळी ३० मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर पेलेटचा भुगा होतो. प्रमाणपत्र ईएनप्लस ए-१ चंच घ्या. भरण्याआधी बॉयलर बंद करा. आणि साठ्याच्या खोलीत हवा खेळती ठेवा: ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि बंद साठ्यात शिरल्यामुळे माणसं दगावली आहेत. मुलांच्या हाती ती किल्ली लागता कामा नये.

भावाचं मात्र ध्यानात ठेवा. २०२१ च्या सुरुवातीला टनाला अडीचशे युरोंच्या आत असलेले पेलेट २०२२ च्या शरदात सातशेच्या वर गेले होते. स्वतःच्या रानातलं लाकूड असणाऱ्याला त्याची झळ लागली नाही. दोन्हींची सोय हवी असेल तर पेलेट बर्नर नंतर जोडता येईल असं तोंड असलेलं मॉडेल आताच घ्या. एस-४ तसा मिळतो, एटाचाही जोडबॉयलर आहे. कामावरून उशीर झाला आणि निखारे विझले की पेलेट आपोआप सुरू होतात. म्हातारपणी ओंडके उचलवेनासे होतील तेव्हाही हे तोंड कामाला येईल.

पैसे आणि सेवा

जर्मनीत २०२४ पासूनच्या अनुदान योजनेत मूळ ३० टक्के आहेत, आणि घनमीटरमागे २.५ मिलिग्रॅमच्या आत धूळ सोडणाऱ्या बॉयलरला वर २,५०० युरो. इमारतीतल्या पहिल्या बिऱ्हाडासाठी ३०,००० युरोंपर्यंतचाच खर्च धरला जातो. धुराडं, तीन टाक्या, रेडिएटर आणि जुनी टाकी काढणं हे सगळं मिळवलं तर तो आकडा पटकन गाठला जातो. कंत्राटावर सही करताना "अनुदान मंजूर झालं तरच लागू" हे कलम असलंच पाहिजे, आणि अर्ज काम सुरू होण्याआधी. हे नियम सरकार बदलत असतं, म्हणून सही करायच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

ब्रँड निवडताना माहितीपत्रकातले अर्धा-एक टक्का कार्यक्षमतेचे फरक सोडून द्या. पन्नास किलोमीटरच्या आत त्या कंपनीचा सेवा-तंत्रज्ञ आहे का, जानेवारीतल्या शनिवारी फोन उचलतो का, हे शेजारच्या गावात विचारा. १९२१ पासूनची विंडहागर कंपनी जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर सुटे भाग कोण देणार हा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला. फायरब्रिकचा एक जादा संच, लँब्डा सेन्सर आणि दाराची दोरी घरात असावी.

तेलाची टाकी परवाना असलेल्या कंपनीकडूनच रिकामी आणि साफ करून घ्या. तळचा गाळ विषारी कचऱ्यात मोडतो. चांगलं तेल उरलं असेल तर ते शेजारी विकत घेतो. कामाचं प्रमाणपत्र घराच्या कागदांत ठेवा, घर विकताना मागतात. आणि बाहेरच्या भिंतीतलं तेल भरायचं तोंड त्याच दिवशी कापून, सिमेंटने बुजवून टाका. टाकी गेली पण तोंड राहिलं, तर पत्ता चुकून आलेला टँकर हजार लिटर तेल सरळ तळघरात ओतू शकतो.